दवंडी आणि लाडू

निरोप एकाला सांगायचा असेल तर पोरसवदा कुणीही चालतो. सगळ्यांना सांगायचा म्हटलं, की दवंडीवाला लागतो. आमचा पुतण्या कॉम्प्युटरच्या पोटात असे दवंडीवाले बसवण्याची नोकरी करतो. (हे वर्णन माझं. त्याच्या कार्डावर बरंच भारदस्त काहीतरी छापलंय.)

एका प्रोग्रामात म्हणे एकाच वेळी शेकडो कामं चाललेली असतात. म्हणजे मुंजीचं घरच! या कामांनी एकमेकांशी बोलावं कसं, याचा विचार टोनी होअर नावाच्या इंग्रज पंडिताने १९७८ साली मांडला. २००९ साली गूगलने 'गो' नावाची भाषा बाहेर काढली, तिच्यावर संस्कार त्याच घराण्याचे. तिथे निरोपासाठी 'चॅनेल' असतं. पण गंमत अशी, की चॅनेलला दहाजण कान लावून बसले तरी एक निरोप एकालाच मिळतो. ताटात लाडू एक, उचलला त्याचा. सगळ्यांना एकदम कळवायचं तर चॅनेल कायमचं बंद करायचं. बंद झाल्याचं मात्र तत्काळ सगळ्यांना कळतं! आमच्या काकूंचा अबोला याच पद्धतीचा असे.

म्हणून पुतण्या प्रत्येक श्रोत्याला वेगळं चॅनेल देतो आणि एकेकाला लाडू वाढत जातो. आता कुठल्याही पंगतीत एक आजोबा असतातच, ज्यांचा पहिला भात अजून चालू आहे. वाढप्याने करावं काय? थांबला, तर पुढची पंगत खोळंबली. पानाशी द्रोण मांडून त्यात साठवत गेला, तर द्रोणही कधीतरी भरतोच.

"मग आम्ही हळू श्रोत्याला सोडून पुढे जातो," पुतण्या म्हणाला.

"म्हणजे आजोबांना वगळायचं?" मी जरा मोठ्यानेच विचारलं.

आमचे अण्णा शेजारी आरामखुर्चीत होते. वय शहाऐंशी. त्यांच्या कानाच्या यंत्रातून नको तेवढंच स्वच्छ ऐकू येतं.

"काय म्हणतोय तो?"

"काही नाही हो," असं सांगायला हिने तोंड उघडलंच होतं. आमच्या घरात अण्णांना हल्ली बहुतेक बातम्या याच तीन शब्दांत मिळतात. पण पुतण्या उठला, त्यांच्या कानाशी स्टूल ओढून बसला आणि दवंडीपासून सगळं पुन्हा सांगू लागला. वीस मिनिटं! चहा तोच करणार होता, त्यामुळे उरलेली पंगत खोळंबली.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या भातवाल्याला नंतर तरी लाडू मिळतो ना रे?"