पिवळे निशाण

पहाटे साडेचारला मुलाने मोटार काढली, तेव्हा अण्णा दोन स्वेटर, कानटोपी आणि वर मुलाचे जाड जाकीट अशा थाटात मागच्या आसनावर बसले होते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. सांगलीत या दिवसांत अजून पंखा लागतो. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की हे शहर मात्र समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून उंच असल्याने तेथील पहाटेची थंडी हाडात शिरते. उष्ण हवेच्या फुग्यांचा जगप्रसिद्ध मेळा येथे दरवर्षी याच सुमारास नऊ दिवस भरतो. सूनबाईंनी तिकिटे काढली म्हणून निघायचे, एवढाच अण्णांचा त्यात भाग होता. तेही फुग्यात बसण्यासाठी नव्हे, केवळ पाहण्यासाठी. 'फुगे बघायला मध्यरात्री उठायचं,' असे त्यांनी आदल्या रात्री दोनदा बोलून दाखविले होते.

खरे तर त्यांचे चित्त दुसरीकडेच होते. वडिलांनी उभारलेल्या हळदीच्या अडत दुकानाला गिऱ्हाईक आले होते आणि दिवाळीच्या पाडव्यापर्यंत होय की नाही ते कळवायचे होते. दोन वर्षांच्या शिक्षणासाठी गेलेल्या मुलाला तेथे चौदा वर्षे झाली होती. 'तू परत येणार आहेस का?' एवढे एकच विचारण्यासाठी अण्णा समुद्र ओलांडून आले होते. पाच आठवडे लोटले, तरी ते विचारणे झाले नव्हते. सौद्यात हळकुंड मोडून, आतला रंग पाहून क्षणात भाव बोलणारा हा माणूस पोटच्या पोरापुढे मात्र रोज हवापाण्याच्या गोष्टी करीत होता.

मैदानावर पोहोचले तेव्हा काळोख होता. सहाच्या सुमारास थोडे फुगे पुढे गेले. वरच्या थरांत वारा कसा आहे हे त्यांच्यावरून इतरांना कळते. अंधारात एकेका फुग्यात ज्वाळा भडके आणि तो आतून कंदिलासारखा उजळे. अण्णांनी हात खिशातून बाहेर काढले ते तेव्हा प्रथम.

पण पुढे सारे थबकले. मैदानावर पिवळे निशाण चढले. हिरवे म्हणजे उड्डाणास परवानगी, तांबडे म्हणजे आजचा दिवस रद्द आणि पिवळे म्हणजे थांबा. दुरून, देशोदेशींहून आलेले, पदरचा पैसा घालून फुगे बाळगणारे वैमानिक हाताची घडी घालून निमूट उभे होते. कोणी घासाघीस करीत नव्हते की ओळख सांगत नव्हते. बाजारात आयुष्य गेलेल्या अण्णांना याचे फार नवल वाटले.

नात तेवढ्यात वैमानिकांकडून त्यांच्या फुग्यांची चित्रे असलेली कार्डे गोळा करीत फिरत होती. येथे प्रेक्षकाला दोरापलीकडे उभे करीत नाहीत. थेट फुग्यांमधून हिंडता येते. आई मात्र एका जागी पूर्वेकडे तोंड करून बसल्या होत्या. सूर्योदयापूर्वी पाणीही न घेण्याचा त्यांचा नेम आणि पूर्वेला सँडियाचा डोंगर आडवा. स्पॅनिश भाषेत सँडिया म्हणजे कलिंगड, असे सूनबाईंनी सांगितले. 'मग कापा की लवकर,' आई म्हणाल्या.

डोंगरावरून ऊन उतरले आणि थोड्याच वेळात हिरवे निशाण चढले. गवतावर पसरलेल्या नायलॉनच्या प्रचंड पिशव्यांत आधी पंख्याने थंड हवा भरतात. फुगा आडवाच फुगतो. मग प्रोपेनचा बर्नर पेटवून आतली हवा तापवतात, तसा तो जडपणे उठून उभा राहतो आणि खालची वेताची टोपली सरळ होते. झेब्र्यासारखे काळेपांढरे पट्टे ल्यालेला पंच वर पाहून जागा मोकळी असल्याची खात्री करतो, शिट्टी फुंकतो आणि टोपली जमीन सोडते. पहिला फुगा राष्ट्रध्वज घेऊन राष्ट्रगीताच्या सुरांवर चढला. मागोमाग दहा, पन्नास, शंभर. पुढे मोजणे अण्णांनी सोडून दिले. 1972 मध्ये हा मेळा 13 फुग्यांनी सुरू झाला होता. आता पाचशेहून अधिक येतात.

'याला सुकाणू कुठं असतं?' त्यांनी विचारले.

'नसतंच,' मुलगा म्हणाला. वैमानिकाच्या हाती केवळ वर जाणे आणि खाली येणे असते. हवा तापविली की वर, निवू दिली की खाली, दिशा वाऱ्याची. तरी या खोऱ्यात पुष्कळदा पहाटे खालचा वारा दक्षिणेला वाहतो आणि वरचा उत्तरेला. जाणता वैमानिक खालच्या थरातून जातो, वरच्यातून परततो आणि जेथून निघाला त्याच्याच आसपास उतरतो. इतरांसाठी खाली रस्त्याने एक गाडी असतेच, फुगा नेईल तिकडे जाणारी.

'म्हणजे निघालेला परत तिथंच येतो?' आईंनी विचारले.

'रोज नाही, आई. वारा तसा जुळला तर.'

कोणीच बोलेना. डोक्यावरून एक फुगा भर्रकन ज्वाळा सोडीत गेला. तो आवाज विरल्यावर मुलगा वर पाहतच म्हणाला, 'अण्णा, दुकानासाठी माझी वाट बघू नका.'

'तुला कुणी सांगितलं?'

'आईनं. तुम्ही आलात त्याच आठवड्यात.'

अण्णांनी पत्नीकडे पाहिले. त्या थर्मासचे झाकण फिरवीत होत्या.

'मग तू का नाही बोललास?'

'तुम्ही विचाराल म्हणून थांबलो होतो.'

अण्णा बराच वेळ उभे राहिले. नदीच्या बाजूला फुगे लहान लहान होत चालले होते. मग त्यांनी मुलाकडे फोन मागितला. सांगलीत तेव्हा रात्रीचे आठ वाजत आले होते. पलीकडच्या माणसाशी ते मोजके बोलले. भावाविषयी अक्षर काढले नाही. वडिलांचा पितळी तराजू तेवढा देणार नाही, हे मात्र दोनदा बजावले.

'तराजू कुठं ठेवणार?' मुलाने विचारले.

'तुझ्याकडं. सामानात किती किलो नेता येतं रे?'

आईंनी डबा उघडला होता. पहिले थालीपीठ त्यांनी मुलाच्या हातावर ठेवले आणि स्वतः पाण्याचा घोट घेतला.