क्लिक बंद ठेवून

संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे. नगर जिल्ह्यातल्या या माणसानं हिंदी सिनेमाला सॅक्सोफोनवर नाचायला लावलं, आणि त्यांच्या वाद्यवृंदात मुंबईच्या हॉटेलांतून वाजवणारी गोव्याची मंडळी बसलेली असायची. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यातला ठळक. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. 'अलबेला'त (1951) तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. आमच्या भागात जॅझ पोचला तो असा, 'अलबेला'तल्या भगवानदादांच्या पायांतून. त्याला जॅझ म्हणतात हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

मी पळसदेवात याच गाण्यांची रिमिक्स करतो. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसनाथाचं जुनं मंदिर बघायला पुण्याहून गाड्या येतात, आणि त्यातलं कुणी माझ्या खोलीत डोकावलंच तर म्हणतं, तुम्हीही बुडालेलंच वर काढताय की. मला हे पटत नाही. ही गाणी बुडालेली नाहीतच. बँडवाले 'शोला जो भडके' आजही वाजवतात.

रिमिक्स म्हटलं की लोकांना 2002 चं 'कांटा लगा' आठवतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. बाहेर याहून नाजूक कामं झाली. लंडनच्या 'अस थ्री'नं हर्बी हॅन्कॉकच्या 1964 च्या 'कँटलूप आयलंड'मधला पियानोचा तुकडा घेऊन तो फिरवत ठेवला आणि वर रॅप घातलं. खुद्द ब्लू नोट कंपनीनंच त्यांना आपला खजिना उघडून दिला होता. पण रामचंद्रांच्या गाण्याचा असा तुकडा काढला की तो निपचित पडतो. तिथं मजा पुढच्या वळणाची असते. क्लॅरिनेट आत्ता आला, आता ब्रास काय उत्तर देणार, याची.

शिवाय वेग. 'ईना मीना डीका' (1957) घ्या. त्या काळी सगळे वादक एका दमात, मोजक्या माइकपुढे वाजवत. कानात क्लिक, म्हणजे वेग बांधून देणारी टिकटिक, नाही. त्यामुळं वेग सरकतो. गायकाला चेव आला की सगळी पलटण थोडी पुढं सरते. त्यात जॅझचा झोका: जोडीतला पहिला स्वर लांब, दुसरा आखूड, आणि लय जलद झाली की हा फरक आपोआप कमी होतो. सॉफ्टवेअरला हे सगळं चूक वाटतं. एक बटण दाबलं की ते प्रत्येक ठोका रेघेवर आणून बसवतं. गाणं स्वच्छ होतं आणि पाय थांबतात.

म्हणून मी उलटं करतो. जुन्या ड्रमरचा ठोका जिथं पडला तिथं खूण, असं अख्खं गाणं कानानं ऐकून खुणा मारतो आणि नवी वाद्यं त्या खुणांमागून चालवतो. हे काम फार कंटाळवाणं आहे. आवाज वेगळे काढणारी नवी सॉफ्टवेअरं आली आहेत, गळा इकडे, वाद्यं तिकडे. पण सॅक्सोफोन आणि गळा एकाच पट्टीत भिडले की तीही गोंधळतात, आणि उरतं ते पाण्याखालून बोलल्यासारखं काहीतरी. खरखर मी थोडीच काढतो. ती पूर्ण काढायला गेलं की झांजेची धारही जाते.

भर घालायची ती खालच्या बाजूला. 78 फेऱ्यांच्या तबकडीवर अगदी खालचा खर्ज फारसा उतरायचाच नाही, डबल बास असून नसल्यासारखा. आजच्या कानाला तिथं पोकळी वाटते. ती भरायला मी हलगी घेतली. गावातले तात्या वाजवतात. खालचा दणका त्यांच्या टिपराचा, वरची कुरकुर बारीक काडीची. हेडफोनवर गाणं दिलं, क्लिक मात्र दिलं नाही. ऐकून म्हणाले, "हा गडी पुढं पळतोय, पण मुद्दाम पळतोय." हा गडी म्हणजे पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीचा ड्रमर. मग त्यांनी त्याला बरोबर गाठलं.

मिक्स तपासायला महागडे स्पीकर हवेत म्हणतात. मी तो गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर वाजवून बघतो. इंजिनाच्या घरघरीत खर्ज टिकला आणि सॅक्सोफोन टोचला नाही, तर कुठंही चालेल.

अडचण दुसरीकडेच आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांचा, म्हणजे 1957 ची तबकडी 2017 अखेर मोकळी झाली. चाल मात्र संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं बांधलेली. रामचंद्र 1982 मध्ये गेले, म्हणजे 2042 पर्यंत. शब्दांचा हक्क त्याहून पुढं. एका कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर नाही. गंमत अशी की कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये लग्नाच्या वरातीचा चक्क उल्लेख आहे. वरातीत गाणं वाजवायला सूट आहे. गाण्यात हात घालून ते विकायला नाही.

तेव्हा केलेली रिमिक्स सध्या खोलीतच आहेत. वरातीत गाणी लावतो तेव्हा मी जुनं मुद्रण आहे तसं सोडतो आणि तात्या समोर उभे राहून त्यावर हलगी वाजवतात. माझ्या खुणांचा उपयोग आता त्यांना तालमीत जागा दाखवण्यापुरता. खरं सांगायचं तर खोलीतल्यापेक्षा हेच सरस वाजतं, कारण नवरदेवाचे मित्र थकले की तात्या आपणहून जोर कमी करतात. त्यांचा हट्ट एकच: पाण्याकाठच्या दवात कातडं उतरतं, तेव्हा जनरेटरच्या गाडीमागं पेंढ्याचा जाळ करून द्यायचा.