पदवीचे भांडवल

गेल्या पोळ्याच्या सणास आमचा पुतण्या नागपुराहून घरी आला आणि जेवणाच्या पानावरच त्याने विषय काढला. त्यास एम.बी.ए. व्हावयाचे होते. दोन वर्षांच्या खर्चासाठी बँकेचे कर्ज काढावे, आणि ते न पुरल्यास दारव्हा रस्त्यावरील चार एकर वावर गहाण टाकावे, असे त्याचे म्हणणे. पुढे काय करणार म्हणून विचारता तो म्हणाला, "काका, स्वतःचे जिनिंग टाकीन." वहिनींनी आमच्याकडे पाहिले. घरातील वडील मनुष्य या नात्याने निकाल आम्ही द्यावयाचा होता.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. शेजारच्या वर्ध्याचे जमनालालजी बजाज (१८८९–१९४२) शाळेत फारसे शिकले नव्हते. तरी त्यांनी कापसाच्या व्यापारात केवढा पसारा उभा केला! आणि गंमत अशी की, १९६५ साली मुंबई विद्यापीठाने व्यवस्थापनशास्त्र शिकविण्यास जी संस्था काढली तिला नाव त्यांचेच मिळाले. एवढ्यावरून पदवी निरुपयोगी ठरविणारी मंडळी आमच्या बैठकीत पुष्कळ आहेत. परंतु जमनालालजींचे नातू राहुल बजाज यांनी १९६४ साली हार्वर्डहून हीच पदवी आणली व पुढे स्कूटरचा कारखाना भरभराटीस नेला, याची आठवण दिली म्हणजे ही मंडळी पानाचा डबा पुढे ओढतात. अर्थात तो कारखाना घरचाच होता. तेव्हा आजोबा काय आणि नातू काय, आमच्या पुतण्यास दोघांचेही उदाहरण लागू पडेना.

म्हणून आम्ही एका परिचित जिनिंगवाल्यांकडे जाऊन बसलो. त्यांनी सारा हिशेब बोटांवर सांगितला. एक क्विंटल कापसातून ३३–३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी; म्हणजे १७० किलोच्या एका गाठीस पाच क्विंटल कापूस लागतो. सरकीचा भाव बसला की वर्ष बसले. त्यातून शेतकऱ्याचा चुकारा लगोलग द्यावयाचा आणि गाठींचे पैसे मागाहून यावयाचे. मधल्या दिवसांचे व्याज कोणास चुकत नाही.

काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक पदवीधर सल्लागार आला होता. मुठीत कापूस दाबून त्यातील ओल मुनीमजींस कळे, याला कळेना. सगळे हसले. पण आठ दिवसांनी त्याने दोन कागदांवर मांडून दाखविले की, भाव चढेल या आशेने गोदामात ठेवलेल्या गाठी किती व्याज खात आहेत. मुनीमजींस हे ठाऊक नव्हते असे नाही. मालकांस तोंडावर सांगण्याची त्यांची छाती नव्हती, एवढेच. पदवीवाल्याने सांगितले आणि मालकांनी ऐकले. त्याचे मानधन मुनीमजींच्या वर्षाच्या पगाराहून अधिक होते, हे ओघाने आलेच.

तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे की, सल्लागारास पदवी हवीच. तो परक्या दारी विश्वास विकावयास जातो. पदवी ही त्याची ओळखीची चिठ्ठी होय. कारखानदाराच्या गाठीस मात्र गिऱ्हाईक त्याची पदवी विचारीत नाही, रुईचा धागा किती लांब ते पाहते. तरीही भांडवलाचे व्याज उमजण्यास तो दोन वर्षे शिकला तर आमचा विरोध नाही. आमची भीती निराळीच आहे. आमच्या ओळखीची दोन मुले धंदा करण्याच्या ईर्षेनेच कर्ज काढून शिकली. पदवी हाती आली त्याच वर्षी हप्ता सुरू झाला, आणि हप्त्यासाठी दोघांनी पुण्यात नोकरी धरली. कर्ज फिटेतो लग्न, लग्न होताच घराचे कर्ज! धाडस करावयाची वर्षे नेमकी त्या हप्त्यांत गेली. आता ते दुसऱ्यांच्या कारखान्यांस उत्तम सल्ला देतात.

आम्ही पुतण्यास म्हटले, "अरे, आधी एक हंगाम मुनीमजींपाशी बैस, मग वावराचे बोलू." तो रुसला, पण दसऱ्यापासून जिनिंगवर जातो आहे. रात्री कपड्यांना रुईचे तंतू चिकटलेले असतात आणि जेवताना सरकीचे भाव निघतात. प्रवेशपरीक्षेचा अर्ज त्याने पोळ्याच्या आठवड्यातच भरून टाकला होता, हे आम्हांस मागाहून कळले. शुल्क वहिनींनी दिले होते.