एकशिक्षकी शाळा आणि जुने खेळ

उर्दू शाळेतल्या शिक्षकाने व्हिडिओ गेमवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमची पिढी टीव्हीला जोडायच्या त्या खेळावरच वाढली. १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डोने काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या त्या नकला. ईदीचे पैसे जमवून मोहल्ल्यातली मुले कॅसेट घेत आणि मारिओ, कॉन्ट्रा आळीपाळीने खेळत. ती यंत्रे आता भंगारात गेली. त्यांचे काम संगणकाकडून करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे एम्युलेटर.

आमचे भाईजान २००४ साली नोकरीसाठी आखातात गेले. त्यांच्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात १९९७ सालचा 'फायनल फँटसी ७' अर्धवट राहिला होता. खेळ तीन तबकड्यांचा. ते दुसरीवर थांबलेले. "चाचा, अब्बांनी सोडला तिथूनच मला पुढे खेळायचाय," असा पुतण्याने हट्ट धरला. तेव्हा प्रश्न पडला, सर्व यंत्रांसाठी एकच एम्युलेटर घ्यावा, की प्रत्येकासाठी वेगळा?

रेट्रोआर्च ही एकशिक्षकी शाळा आहे. प्रत्येक यंत्रासाठी तिच्यात 'कोअर' नावाचा भाग बसवायचा. बटणांची आणि पडद्याची मांडणी मात्र बहुतेक एकदाच करायची. स्वतंत्र एम्युलेटर म्हणजे विषयशिक्षक. गेमक्यूब आणि वीसाठी २००३ सालापासूनचा डॉल्फिन, पीएसपीसाठी २०१२ सालापासूनचा पीपीएसएसपीपी. सुधारणा बहुधा त्यांच्याकडे आधी येतात, कोअरमध्ये मागाहून. पण प्रत्येकाची मांडणी नव्याने शिकावी लागते. फॅमिकॉम, मेगा ड्राइव्ह अशा साध्या यंत्रांना एकशिक्षकी शाळा पुरते. जुन्या संगणकावरही चालते. प्लेस्टेशन २ किंवा गेमक्यूबसाठी विषयशिक्षकच बरा.

पुतण्याचा प्रश्न मात्र अमानतीचा होता. मेमरी कार्ड अवघे १२८ केबीचे, पंधरा कप्प्यांचे. त्याची संगणकावर उतरवलेली फाइल एका एम्युलेटरमधून दुसऱ्यात नेता येते. फार तर नाव बदलावे लागते. 'सेव्ह स्टेट' तसे नसते. ते त्या एम्युलेटरपुरतेच, आणि नवी आवृत्ती आली की कधी कधी उघडतही नाही. म्हणून खेळाच्या आतच, कार्डावर सेव्ह करायचे, हा नियम आम्ही त्याला घालून दिला.

शेवटी आम्ही डकस्टेशन हा स्वतंत्र एम्युलेटर निवडला, कारण त्यात कार्डाची फाइल सरळ जोडता येते आणि कप्पेही पाहता येतात. तबकड्या आणि यंत्राचा बायोस घरचेच होते. दुसऱ्याचा माल फुकट उतरवून घेणे आम्हाला पटत नाही. मूळ फाइलची एक प्रत वेगळी जपून ठेवली. बाकीच्या जुन्या खेळांसाठी रेट्रोआर्च आहेच.

भाईजानना फोनवर हे कळवले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्याला म्हणावं, खुशाल खेळ. पण तिसरी तबकडी सुट्टीपर्यंत ठेव. शेवट मला त्याच्या शेजारी बसून पाहायचा आहे."