अटींसह छापलेले वाक्य

आहार आणि आरोग्य या विषयांवरच्या लोकप्रिय लेखनात धादांत खोटे विधान क्वचितच आढळते. अधिक वेळा असे घडते की मूळ विधान खरे असते, पण ते कोणाबाबत, किती प्रमाणात, कशाच्या तुलनेत आणि किती काळानंतर खरे आहे हे सांगणाऱ्या अटी वाटेत गळतात. तज्ज्ञाच्या शोधनिबंधातून लेखकाच्या हस्तलिखितात, तेथून उपसंपादकाच्या काटछाटीत आणि शेवटी मथळ्यात उतरताना प्रत्येक टप्प्यावर वाक्य आखूड होत जाते, आणि नेमका अटींचा भागच अनावश्यक समजून कापला जातो. म्हणून या क्षेत्रातील संपादनाचे पहिले काम भाषा सुबोध करणे हे नसून, सुबोध करताना विधानाची मर्यादा शाबूत राहते की नाही हे पाहणे आहे.

याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू झाला. त्यात गर्भवतींचा आहार व रक्तातील घटक मोजून पुढे त्यांच्या मुलांच्या वाढीची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार, सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि ज्या मातांमध्ये ते कमी पण फोलेट जास्त होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन-रोध सर्वाधिक दिसला. इन्शुलिन-रोध म्हणजे शरीराच्या पेशींनी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद न देणे. ही अवस्था पुढे मधुमेहाकडे नेऊ शकते, पण ती स्वतः मधुमेह नव्हे. शिवाय हा निरीक्षणात्मक अभ्यास होता, म्हणजे संशोधकांनी कोणाला काही देऊन परिणाम पाहिला नव्हता, तर जे होते त्याची नोंद घेऊन संबंध तपासला होता.

आता हेच निष्कर्ष ‘फोलिक ॲसिडमुळे मुलांना मधुमेह’ अशा मथळ्याखाली छापले गेले, तर त्यातील एकही शब्द संशोधनाशी पूर्णपणे असंबद्ध नसतानाही विधान घातक ठरेल. ब-१२ च्या कमतरतेची अट गळालेली असेल, संबंधाचे कारणात रूपांतर झालेले असेल, आणि मथळा वाचून एखादी गर्भवती डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करील. गर्भधारणेच्या आसपास घेतलेल्या फोलिक ॲसिडने, म्हणजे गोळीतील फोलेटने, मेंदू व मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांची पुनरावृत्ती मोठ्या प्रमाणात टळते हे १९९१ च्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने दाखवले होते, आणि ती निरीक्षण नव्हे तर प्रत्यक्ष चाचणी होती. दोन पुराव्यांचे वजन सारखे नसते, आणि ते वेगळे का आहे हे वाचकाला एका वाक्यात तरी सांगणे संपादकाच्या कर्तव्यात येते. ‘आढळले’, ‘संबंध दिसला’ आणि ‘कारणीभूत ठरले’ या क्रियापदांची अदलाबदल मुद्रितशोधनात शैलीचा प्रश्न वाटते. प्रत्यक्षात ती निष्कर्षच बदलते.

याज्ञिक यांचेच दुसरे उदाहरण वेगळ्या कारणाने बोधप्रद आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा देहभारांक, म्हणजे उंचीच्या वर्गाने भागलेले वजन, २२.३ असूनही याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती. भारतीयांना देहभारांकाचे पाश्चात्त्य निकष जसेच्या तसे लावू नयेत हे या चित्राने सहज पटते. परंतु दोन माणसे म्हणजे पुरावा नव्हे, ती पुराव्याची ओळख आहे. खरा आधार पुणे आणि साउदॅम्प्टन येथील शेकडो नवजात बालकांच्या मोजमापांसारख्या अभ्यासांत आहे. उदाहरण कोठे संपते आणि पुरावा कोठे सुरू होतो, ही सीमा लेखात स्पष्ट राहायला हवी.

आकड्यांची तपासणी ही याहून रूक्ष वाटणारी, पण तितकीच कसोटीची बाब आहे. पोह्यांत लोह भरपूर असते हे विधान अनेक मराठी पुस्तकांत येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम पोह्यांतील लोह २० मिलिग्रॅम दिले होते. याच संस्थेने ५२८ अन्नपदार्थांचे नव्याने विश्लेषण करून २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात ते साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास आहे. नाचणीतील कॅल्शियमबाबत मात्र ३४४ आणि ३६४ मिलिग्रॅम असे दोन्ही आकडे जवळचे आहेत. नमुना, प्रक्रिया व मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, म्हणून कोष्टकाचे वर्ष दिल्याशिवाय आकडा छापणे अपुरे आहे. तसेच कोष्टकातील आकडे कोरड्या पोह्यांचे असतात, बशीतल्या भिजवून फोडणी दिलेल्या पोह्यांचे नव्हेत, हेही नमूद करावे लागते.

मापांचा प्रश्न याला लागूनच आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याचे प्रमाण घराघरांत रुजवले, आणि पाककृतीत ते योग्यच ठरते, कारण तेथे घटकांचे परस्परप्रमाण महत्त्वाचे असते, वाटी लहान असो वा मोठी, सगळे जिन्नस त्याच वाटीने मोजले की पदार्थ साधतो. पथ्याच्या सल्ल्यात मात्र प्रमाण निरपेक्ष असते, त्यामुळे ‘एक वाटी वरण’ लिहिताना ती किती मिलिलिटरची हे सांगितले नाही, तर मधुमेही वाचकाच्या हाती केवळ अंदाज पडतो.

खंडन करणारे विधानही तपासावेच लागते. पालकातील लोहाचा आकडा दशांशचिन्हाच्या चुकीने दहापट छापला गेला ही गोष्ट ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील १९८१ च्या लेखानंतर सर्वत्र पसरली, पण माइक सटन या अभ्यासकाने २०१० मध्ये मूळ संदर्भांचा माग काढला तेव्हा त्या गोष्टीलाच आधार सापडला नाही. इतरांनी उद्धृत केलेल्या संदर्भावर न थांबता मूळ निबंधापर्यंत जाणे हा नियम गैरसमज दूर करणाऱ्यालाही तितकाच लागू आहे.

कायद्याची मदत येथे मर्यादित आहे. १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मधुमेहासारख्या ठरावीक रोगांवर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो आणि त्या प्रसिद्ध करण्यात सहभागी होणाऱ्यालाही जबाबदार धरतो. पण जाहिरातीत जो दावा छापता येणार नाही, तोच लेखाच्या रूपात आला तर त्याला अडवण्याचे काम बहुधा संपादकीय शिस्तीवरच येऊन पडते. लेखकाचे एखाद्या उत्पादनाशी किंवा उपचारकेंद्राशी असलेले आर्थिक संबंध लेखासोबत जाहीर करणे आणि चूक सिद्ध झाल्यास शुद्धिपत्र तितक्याच ठळकपणे छापणे, हे या शिस्तीचे किमान भाग आहेत.

अटी ठेवल्या की वाक्य लांबते आणि वाचक कंटाळतो, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण पानावर जागा अपुरी असेल तेव्हा कापायच्या त्या अटी नव्हेत, विधाने. दहा अन्नपदार्थांचे गुण अर्ध्या-अर्ध्या वाक्यांत सांगणाऱ्या लेखापेक्षा तीन पदार्थांविषयी कोणाला, किती आणि कशाच्या तुलनेत हे पूर्ण सांगणारा लेख वाचकाच्या अधिक उपयोगी पडतो, आणि तो तपासून देणे संपादकालाही शक्य असते.