उसनं घेतलं, मग माघारी कवा द्यायचं?



माझी शाळा बीड जिल्ह्यातली, द्विशिक्षकी. दिवाळी झाली की इथली बरीच घरं ऊसतोडीला जातात आणि वर्ग अर्धा रिकामा होतो. मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण घरात तान्हं भावंड असेल तर मोठ्या बहिणीला आईबरोबर जावंच लागतं. तिसरीतली आमची एक मुलगी अशीच गेली. (नाव मुद्दाम लिहीत नाही.) नेमकी त्याच आठवड्यात आम्ही तीन अंकी हातच्याची वजाबाकी सुरू केली होती.

मुलंच म्हणाली, "मॅडम, तिला व्हिडिओ पाठवू."

मोबाईल पुस्तकांच्या चवडीला टेकवला, आवाज नको म्हणून पंखा बंद केला. कॅमेऱ्यात फक्त हात आणि पाटी. गणित ४०२ वजा १७८. वर्गातल्या हुशार मुलाला मी वाक्यं पाठ करून दिली होती : "दोनातून आठ जात नाहीत, म्हणून शेजाऱ्याकडून उसना घेऊ. शेजारी शून्य, म्हणून त्याच्या शेजाऱ्याकडे जाऊ." उत्तर आलं २२४. मी खूश. व्हिडिओ तिच्या वडिलांच्या व्हॉट्सॲपवर गेला.

फोन दिवसभर वडिलांबरोबर फडात असतो. दोन दिवसांनी रात्री तिचा आवाज आला, "मॅडम, उसनं घेतलं तर माघारी कवा द्यायचं?"

खरं सांगते, आधी मी हसले. दुसऱ्या दिवशी तो मेसेज वर्गात ऐकवला. व्हिडिओतला मुलगा म्हणाला, "द्यायचंच नसतं." "का?" गप्प! मग सगळ्यांना पाटीवर तेच गणित घातलं. चार जणांचं उत्तर ३७६ आलं. आठातून दोन, सातातून शून्य, चारातून एक. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा.

'उसना' हा शब्द मी कित्येक वर्षं वापरतेय. आणि आमच्या गावात मुकादमाची उचल फेडण्यात हंगाम संपतो. त्या घरातली पोर परतफेडीचं विचारणारच ना! शिवाय तिचा प्रश्न गणिताच्याही बाजूने बरोबर होता. इथे कुणी कुणाकडून काही घेतच नाही. ४०२ चे ४०२ च राहतात, फक्त सुटे होतात.

दुसरा व्हिडिओ मुलांवर सोडला. मी फक्त मोबाईल धरला. त्यांनी कागदाच्या नोटा केल्या. शंभराची एक मोडून दहाच्या दहा. त्यातली एक मोडून दहा सुटे रुपये. आता सुटे झाले बारा. पुढे एक मुलगी दहाच्या नोटा दहाच धरून चालली, तशी शेजारीण ओरडली, "अगं, एक मोडली ना आत्ता!" हा तुकडा कापायचं माझ्या मनात आलं होतं. बरं झालं, नाही कापला. अडायची जागा तीच होती.

एका पालकांनी येऊन विचारलं, "शाळेतबी मोबाईलच का?" रास्त प्रश्न आहे. मी त्यांना तासाला बसवून घेतलं. रेकॉर्डिंग दोन मिनिटांचं, पण आधी काय बोलायचं यावर भांडण पाऊण तास. ते भांडण ऐकून ते काही न बोलता उठले. पटलं की नाही, माहीत नाही.

तिचं उत्तर यायला या वेळी चार दिवस लागले. "म्हंजी मोळी सोडायची, मॅडम. ऊस तेवढाच ऱ्हातो."

नोटांपेक्षा हे मुलांना जास्त आवडलं. आता कुणी शून्यापाशी अडलं की मागून आवाज येतो, "अरे, मोळी सोड!"

पुढच्या आठवड्यात भागाकार आहे. त्याचा पहिला व्हिडिओ तिने कोपीवरून करून पाठवायचा, असं मुलांनी तिला कळवलंय. संध्याकाळी वडिलांच्या फोनला चार्जिंग असलं तर.