हाक आणि ओ

मराठीत साद घालतात, हाळी देतात आणि हाक मारतात. मिठी आणि गप्पाही मारल्याच जातात; तेव्हा या 'मारणे'तून फार अर्थ काढू नये, असे मी वर्गात विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावतो. मात्र हाकेला जे उत्तर मिळते, त्याला एकच क्रियापद शोभते : ओ 'देतात'. ती मागता येते, पण हिसकावून घेता येत नाही. ही गोष्ट इतकी वर्षे मराठी शिकवूनही माझ्या नीट ध्यानात आली नव्हती. ती मोत्याने आणून दिली.

मोत्या आमच्याकडे आला तो कांदेबागेची लागवड चालू असताना. चोपड्याजवळच्या आमच्या केळीच्या शेतात, पंपाच्या खोलीमागे, दीड-दोन महिन्यांचे एक गावठी पिल्लू कुडकुडत बसलेले मुलीला दिसले. दिवसभर वाट पाहूनही त्याची आई आली नाही, तेव्हा संध्याकाळी ते टॉवेलात गुंडाळून घरी आले. पशुवैद्यकांनी जंताचे औषध दिले, लसींच्या तारखा लिहून दिल्या आणि तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस चुकवू नका, असे सांगितले. त्याच्या स्वभावाविषयी मात्र त्यांनी काही सांगितले नाही. महिन्याभरात घरातील सर्वांचे एकमत झाले, की असा हट्टी प्राणी या घरात यापूर्वी एकच झाला होता. आणि तो म्हणजे मी.

हाक मारली की मोत्या थांबे, मान वळवून पाही आणि उलट दिशेने पळे. मी मागे धावलो, की त्याला तो खेळ वाटे. अशा वेळी मला नामदेवांची ती प्रसिद्ध आख्यायिका आठवे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत. पळत्या पिल्लामागे धावणे ही कुत्रे शिकवण्याची रीत नव्हे, हे मला पुढे कळले. पण नामदेवांच्या बाबतीत एक फरक होता. त्यांच्या हातात तुपाची वाटी होती आणि माझ्या हातात, मोत्याने कुरतडलेल्या जोडापैकी उरलेली चप्पल.

जानेवारीतल्या एका सकाळी फाटक उघडे राहिले. आमच्या गल्लीच्या टोकाला अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग आहे; त्या वेळी केळीने भरलेले ट्रक एकामागून एक जात असतात. मोत्या थेट रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. मी होता नव्हता तेवढा आवाज एकवटून ओरडलो, "मोत्या, इकडे ये!" त्याने माझ्याकडे पाहिले. आणि तो रस्त्यावर उतरला. ट्रकचे ब्रेक करकरले. पुढच्या क्षणी दुसऱ्या बाजूने, मुळीच न ओरडता, कोणीतरी म्हणाले, "आठे ये." मोत्या वळला आणि आमचे सालदार नाना शेतावरून दुधाची किटली घेऊन येत होते, त्यांच्या पायांशी जाऊन बसला.

त्या दिवशी मी महाविद्यालयात सहकाऱ्यांना हा प्रसंग सांगितला आणि त्याचा एक सुंदर अन्वयार्थही लावला : शेतात जन्मलेल्या जिवाला प्रमाण मराठी परकी वाटते, त्याला मातीतली अहिराणीच कळते. सर्वांना तो आवडला. संध्याकाळी नानांनाही ऐकवला. ते हसले. म्हणाले, सर, त्याला ना तुमची भाषा कळते ना माझी. मी बोलावतो तेव्हा माझ्या हातात भाकरीचा तुकडा असतो. तुम्ही बोलावता तेव्हा काय असते?

मी मनाशी यादी केली. 'इकडे ये' म्हटल्यावर मोत्याच्या वाट्याला आजवर काय आले होते? अंघोळ, औषध आणि साखळी. तोंडातली वस्तू काढून घेणे. खेळ संपणे. आणि उशिरा का होईना, आपण होऊन तो आलाच, तर 'आत्ता आलास होय?' म्हणून एक चापटी. ध्वनी आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरच्या आधाराने दरवर्षी शिकवणाऱ्या माझ्या लक्षात आले नव्हते, की या पिल्लाने माझ्या शब्दांचा अर्थ अचूक लावला आहे. 'इकडे ये' म्हणजे 'आता तुझे काहीतरी जाणार'. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीतल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीमागून समाधान येते ती पुन्हा घडते, जिच्यामागून त्रास येतो ती मागे पडते, हा नियम पुढे त्यांतूनच आकाराला आला. नानांनी थॉर्नडाइक वाचलेला नव्हता. त्यांनी उभ्या आयुष्यात गोऱ्हे शिकवले होते.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. 'इकडे ये' ही हाक नासली होती. ती मी टाकून दिली आणि नानांची 'आठे ये' उसनी घेतली. पहिला आठवडा फक्त घरातल्या चौकात. अंतर तीन पावलांचे. तो माझ्याकडे येतच असताना शब्द एकदाच उच्चारायचा आणि तो पोहोचताच, क्षणाचाही उशीर न करता, उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा. एका वेळी पाच मिनिटे, अधिक नाही. एक पथ्य मला फार जड गेले : आल्यावर त्याला पुन्हा सोडून द्यायचे. दहापैकी नऊ वेळा हाकेनंतर खेळ चालू राहिला पाहिजे; तरच येणे म्हणजे संपणे नव्हे, हे त्याला पटते. आणि तो येणार नाही अशी खात्री असेल, तेव्हा हाक मारायचीच नाही. गुपचूप जवळ जाऊन उचलून आणायचे. वाया गेलेली प्रत्येक हाक पुढच्या हाकेतून वजा होते.

मोकळ्या जागेत गेल्यावर नानांनी बैलाचा जुना सुती कासरा काढून दिला, वीसेक फुटांचा. तो मोत्याच्या छातीपट्ट्याला बांधायचा आणि जमिनीवर लोळू द्यायचा. त्याने ओढून आणायचे नाही. तो फक्त यासाठी, की न येण्याचे बक्षीस, म्हणजे पलीकडची शेळी किंवा उकिरडा, मोत्याला आपल्या आपण मिळू नये.

आखूड पट्ट्याने चालणे हा याहून अवघड पाठ ठरला. आपण मागे ओढले की कुत्रे पुढे ओढते. त्यात उद्धटपणा नसतो, तोल सांभाळण्याची ती शरीराची रीतच आहे. उपाय एकच : दोरी ताठ झाली की उभे राहायचे, सैल झाली की चालायचे. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत आम्ही चाळीस पावले गेलो. शेजाऱ्यांनी तब्येतीची चौकशी केली. पुढे मला कळले, की मोत्याला चालायचे नसते, हुंगायचे असते. दहा पावले दोरी सैल राहिली, की एक विजेचा खांब मनसोक्त हुंगू देणे, हा व्यवहार त्याला मान्य झाला. एप्रिलमध्ये आमची वेळ पहाटे साडेपाचची झाली; आमच्याकडच्या उन्हात डांबराने पंजे भाजतात, हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहिली की ते कळते.

याच सुमारास मला एका विद्यार्थ्याची आठवण वारंवार येऊ लागली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून येणारा, द्वितीय वर्षातला. व्हरांड्यात मी दिसलो, की तो दुसऱ्या जिन्याने जाई. मी त्याला बेफिकीर समजत होतो. विद्यार्थ्याची तुलना मी कुत्र्याशी करीत नाही. तुलना आहे ती माझ्याच दोन हाकांची. मी पुन्हा यादी केली. वर्षभरात मी त्याला पाच-सहा वेळा बोलावले होते : हजेरी, अपुरा निबंध, पुन्हा हजेरी. एकदाही असे काही नव्हते, की जे ऐकून त्याला बरे वाटले असते.

बसस्थानकावर तो भेटला, तेव्हा हजेरीचा विषय मी काढला नाही. चहा घेतला. पहाटे तो केळीचे घड वाहायला जातो, त्यामुळे पहिला तास बुडतो, हे त्याने आपण होऊन सांगितले; मी कधी विचारलेच नव्हते. शेजारच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे नेमाडे आणि त्यांची १९६३ची 'कोसला' यांचा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी माझी प्रत मी त्याला दिली. टिपणे काढून आण, असे जिभेवर आले होते. ते गिळले.

मोत्या आता दहापैकी आठ वेळा येतो. खार दिसली तर येत नाही; तेवढी नामुष्की मी स्वीकारली आहे. आखाजीला शेतावर गेलो, तेव्हा त्याचा कासरा प्रथमच सोडला. तो केळीच्या ओळींत दिसेनासा झाला. नाना माझ्याकडे पाहत होते. मी एकदाच म्हणालो, "आठे ये." पाने सळसळली. बराच वेळ काही झाले नाही, आणि मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही, हीच त्या क्षणी माझी परीक्षा होती. मग तो आला, नाकाला चिखल लावून. मी अंड्याचा तुकडा दिला आणि त्याला परत जाऊ दिले.

'कोसला' अजून परत आलेली नाही. परवा मात्र व्हरांड्यात तो विद्यार्थी समोरून आला आणि मला पाहून थांबला. "सर, अर्धी झाली," म्हणाला. मी हाक मारली नव्हती.